हंगामी माणसाचं आजारपण

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की हे व्याख्यान एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाने द्यायला हवं होतं. हार्ट अटॅक आणि लकवा यांच्याबद्दल तत्त्वज्ञानाचा मास्तर काय बोलणार? पण मला रोगाबद्दल बोलायचंच नाही. रोगातून वाचल्यावर जे सुरू होतं, त्याबद्दल बोलायचं आहे. माणूस वाचला, घरी आला, पण पुन्हा कामाला जाऊ शकत नाही. अशा माणसाची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला आपल्या वऱ्हाडात एक इतिहास आहे आणि तो कापसाच्या हंगामाशी बांधलेला आहे.

आधी एक भेद लक्षात घेऊ. 'हा माणूस आजारी आहे' हे विधान शरीराबद्दलचं आहे. 'हा माणूस कामाचा राहिला नाही' हे विधान शरीराबद्दल आहे, तसंच कामाबद्दलही आहे. डाव्या हातातली शक्ती गेली तर माझ्यासारखा माणूस खुर्चीत बसून तासभर व्याख्यान देऊ शकतो. प्रेसमध्ये रुईच्या गाठी हलवणारा हमाल त्याच हाताने बेकार होतो. हात दोघांचाही तितकाच अधू आहे, अपंगत्व मात्र वेगळं आहे. कायद्याला हे कळायला फार वेळ लागला, आणि पूर्ण कळलंय असं मला अजून वाटत नाही.

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात, १८८९ साली, कमाईची शक्ती गमावलेल्या कामगाराला निवृत्तिवेतन देणारा कायदा झाला. कारण अपघात असो की आजार, भेद केला नाही. बिस्मार्क काही कामगारांचा कैवारी नव्हता, समाजवाद्यांची हवा काढायची म्हणून त्याने हे केलं. तरी केलं. आपल्या शेजारी, नागपूरला, टाटांच्या एम्प्रेस मिलने १८८६ मध्ये पेन्शन फंड काढला आणि १८९५ पासून अपघाताची भरपाई द्यायला सुरुवात केली. तिथे कायद्याची सक्ती नव्हती, मालकाची मर्जी होती.

सक्ती आली ती १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने. हा कायदा मुळात अपघाताचा. त्याच्या परिशिष्टात शरीराचा अक्षरशः भाव लावलेला होता. अंगठा तुटला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, दोन्ही हात गेले तर १०० टक्के. जीनच्या यंत्रात हात सापडला तर निदान हिशेब तरी होता. पण लकव्याने हात जातो तेव्हा तो खांद्याला लटकलेलाच असतो. तुटलेला हात कायद्याला दिसत होता, लटकलेला दिसत नव्हता. काही व्यवसायजन्य रोग यादीत घातले होते, पण रक्तदाब आणि हृदय तिथे नव्हतं.

न्यायालयांनी थोडी वाट काढली. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचा खटला १९५४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्यापुढे आला. माणूस आधीचाच हृदयरोगी, कामावर असताना छातीत दुखू लागलं, मेला. न्यायालयाने तत्त्व सांगितलं ते असं: रोग आधीचा असला तरी कामाच्या ताणाने मरण ओढवायला किंवा लवकर यायला हातभार लावला असेल, तर मालक जबाबदार. तत्त्व मोठं उदार आहे. पण ताण पडला हे सिद्ध करायचं कोणी? कुटुंबाने. २००६ साली ट्रकवरच्या एका क्लीनरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ताणाचा पुरावा नाही म्हणून भरपाई नाकारली. आणि ही दोन्ही प्रकरणं मेलेल्या माणसांची आहेत. जो वाचून बाजेवर पडला, त्याला तर हे कोर्टकचेरीचं काम आणखीच अवघड.

आता आपल्या मूळ गोष्टीकडे येतो. आजारपणाचा प्रश्न नीट हाती घेतला तो प्रा. बी. पी. अदारकर यांनी. १९४३ मध्ये सरकारने त्यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्य विम्याचं काम सोपवलं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूरमंत्री होते. १९४४ मध्ये अहवाल आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य विमा कायदा झाला, ज्याला आपण ईएसआय म्हणतो. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपूर आणि दिल्लीत योजना सुरू झाली. यात अपघाताची अट नाही. माणूस आजारी पडला एवढं पुरे. वर्षात ९१ दिवसांपर्यंत आजारपणाचा भत्ता, आज मजुरीच्या ७० टक्के. दीर्घ आजारांची वेगळी यादी आहे, तिच्यात अर्धांगवायू आहे, हृदयाचे गंभीर विकार आहेत. त्यांना ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. लकव्यानंतर हातापायांत जी सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते. म्हणजे व्यायाम करायला, उभं राहायला माणसाला घरात चूल पेटती ठेवून वेळ मिळतो. मला विचाराल तर स्वतंत्र भारताच्या चांगल्या कायद्यांपैकी हा एक.

पण हा कायदा हंगामी कारखान्यांना लागू नव्हता! आणि हंगामी कारखाना म्हणजे कोणता? व्याख्या उघडून बघा. यादीत पहिलंच नाव आहे कापसातली सरकी काढण्याचं, दुसरं कापसाच्या किंवा तागाच्या गाठी बांधण्याचं. मग शेंगदाणे फोडणं, कॉफी, नीळ, लाख, रबर, साखर, गूळ, चहा.

मंडळी, ही व्याख्या १९४८ मध्ये कोणी विचार करून लिहिली नाही. ती १९३४ च्या कारखाना कायद्यातून जशीच्या तशी उचलली. तिथे तिचा उपयोग वेगळाच होता. बारमाही कारखान्यात आठवड्याला ५४ तास आणि हंगामी कारखान्यात ६० तास काम घेता यावं, म्हणून ती केली होती. त्याहून मागे गेलात तर १८८१ चा पहिला कारखाना कायदा चार महिन्यांहून कमी चालणाऱ्या कारखान्यांना लागूच नव्हता, ते १९११ मध्ये आत आले. गंमत अशी की १९४८ च्या नव्या कारखाना कायद्याने हंगामी-बारमाही हा भेद मोडून टाकला. त्याच वर्षी विमा कायद्याने तो जपून ठेवला. जास्त तास राबवून घेण्यासाठी केलेली व्याख्या आजारपणाचा भत्ता नाकारण्यासाठी कामी आली.

अदारकरांची बाजूही मांडली पाहिजे. विमा वर्गणीवर चालतो. जो वर्षातले चार-पाच महिनेच कामावर, त्याची वर्गणी कशी कापणार, हा प्रश्न खोटा नव्हता. म्हणून त्यांनी सुरुवात बारमाही कारखान्यांपासून करायला सांगितली. सुरुवात! पुढे तेच कुंपण झालं.

वऱ्हाडात याचा अर्थ काय होतो? १८६० च्या दशकात रेल्वे आली, अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला भाव आला, आणि खामगाव, अकोला, अमरावती ही कापसाची गावं झाली. आपला मुख्य उद्योग जीन आणि प्रेस. अकोल्याची सावतराम मिल, मोहता मिल, अचलपूरची विदर्भ मिल, या गिरण्यांमधला कामगार कायद्याच्या नजरेत विमेदार होऊ शकत होता. सावतराम मिलमध्ये जी रुई यायची ती ज्या जीनमधून यायची, तिथला कामगार होऊ शकत नव्हता. एकच कापूस, एकच शहर, तोच धुरळा नाकातोंडात. एकाला लकवा झाला तर भत्ता, दुसऱ्याला झाला तर पुढच्या दिवाळीला जीन सुरू होताना बोलावणं येत नाही, एवढंच. त्याला कोणी कामावरून काढत नाही. काढायची गरजच पडत नाही. सालदाराचंही तसंच, साल मोडलं की संपलं. १९७४ मध्ये या तिन्ही गिरण्यांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे त्या बंद पडल्या, तेव्हा विम्यातला आपला वाटाही आटला.

आता कोणी म्हणेल, सरकारी योजना आहेत ना. आहेत. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ ला ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपली अमरावती होती. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने चालते. अँजिओप्लास्टी, बायपास यातून होतात आणि खूप माणसं वाचली, यात शंका नाही. पण ही योजना दवाखान्याला पैसे देते. सुटी होताना कागदावर लिहिलेलं असतं, 'जड काम करू नये.' जीनमध्ये हलकं काम कोणतं असतं?

मग राहते संजय गांधी निराधार योजना, १९८० पासूनची. तिच्यात पक्षाघाताचं नाव घेतलेलं आहे, २०२३ पासून महिना १,५०० रुपये. अट, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१,००० च्या आत. ईएसआयची पगारमर्यादाही २१,००० आहे, पण ती महिन्याची. आकडा एकच, दोन दारांवर लिहिलेला.

आमच्यासारख्यांचं काय? सरकारी नोकराला सेवेत असताना अपंगत्व आलं तर १९९५ च्या आणि नंतर २०१६ च्या कायद्याप्रमाणे त्याला काढता येत नाही, पदही उतरवता येत नाही. दुसरं काम द्यायचं, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून निवृत्तीपर्यंत ठेवायचं. फार योग्य तरतूद आहे. मात्र २०१६ च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत लकव्याने लुळा झालेला हातपाय बसतो, थकलेलं हृदय बसत नाही. दोन पायऱ्या चढून धापा टाकणारा माणूस वरून धडधाकट दिसतो ना!

२०२० मध्ये नऊ कायदे एकत्र करून सामाजिक सुरक्षा संहिता झाली. असंघटित कामगारांसाठी योजना आखता येतील असं तिच्यात म्हटलं आहे. आणि हंगामी कारखान्याची ती व्याख्या तिच्यातही आहे, सरकी, गाठी सगळं धरून. निळीच्या कारखान्यांचा जमाना जाऊन किती काळ लोटला, पण यादीत नीळही तशीच आहे.