जांब समर्थचे नाटककार

साल २०१२, ऐन हिवाळा. जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात, जांब समर्थच्या शिवारात तुम्ही उभे आहात. पावसाने दगा दिलाय. मोसंबीच्या बागेत शिरा. पानं आत वळलीत, फांद्या शेंड्याकडून वाळत चालल्यात. विहिरीत वाकून पाहिलंत तर तळाचा खडक दिसतो. पोटच्या पोरासारखी वाढवलेली ही झाडं जगवायची कशी, याच घोरात इथला शेतकरी आहे.

१६०८ साली समर्थ रामदास याच गावात जन्मले. बाहेरची माणसं येतात ती त्यांच्या दर्शनाला. तुम्ही मात्र राजकुमार तांगडे यांना गाठा. ते शेती करतात, नाटकं लिहितात आणि तोंडाला रंग लावून स्वतः उभेही राहतात. लेखक आणि नट एकच असणं ही शेक्सपियरच्याही काळातली रीत. तांगड्यांनी ती रानात राहून पाळली. विजेच्या तारेवर टाकायच्या आकड्यावर त्यांनी नाटक लिहिलं, ‘आकडा’. गावाचं रोजचं दुखणंच त्यांनी रंगमंचावर आणलं.

आता जालन्याहून रात्रीची देवगिरी एक्स्प्रेस पकडा, मुंबई गाठा. तिसरी घंटा झाली. नाटक आहे ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’. लेखन तांगडे यांचं, दिग्दर्शन नंदू माधव यांचं, संकल्पना आणि गाणी शाहीर संभाजी भगत यांची. कैलाश वाघमारेंसह बरेच नट जालन्याकडचे, बोलीही तिकडचीच.

शिवरायांचा जिरेटोप घेऊन यम पृथ्वीवर फिरतोय. ज्याच्या डोक्याला तो बरोबर बसेल, असं डोकं त्याला हवंय. कितीतरी पुढाऱ्यांचे चेहरे तुमच्या नजरेसमोरून सरकतात. मग पोवाड्यांचा सामना रंगतो. एका बाजूला फक्त तलवार आणि वैर. दुसऱ्या बाजूला रयतेचा राजा, सगळ्या जातिधर्मांची माणसं सोबत घेऊन चालणारा. डफावर थाप पडते आणि तुमच्याही नकळत हात टाळीला जातात.

१६७३च्या पत्रात महाराजांनी आपल्या लष्कराला बजावलं होतं, की रयतेच्या धान्याला, भाजीपाल्याला हात लावू नका. त्याच रयतेतली माणसं, बागा डोळ्यांदेखत वाळत असताना, महाराजांचा विचार मुंबईकरांना सांगायला उभी राहिली. शिवाजी महाराजांवर मराठीत नाटकं पुष्कळ झाली. शेतकऱ्याच्या जागेवरून राजाकडे पाहणारं इतकं रोखठोक नाटक विरळाच.

मराठवाड्याची आठवण आपल्याला दुष्काळाच्या बातमीपुरती होते. यापुढे तिकडचं नाटक तुमच्या गावात लागलं, तर तिकीट काढा आणि घरातल्या पोरांना सोबत न्या.