नंदाखालचे पवित्र आत्मा चर्च

पालघर जिल्ह्याच्या वसई तालुक्यातील एक जुना कॅथलिक धर्मग्राम. स्थापना 1573. विरारच्या पश्चिमेला, आगाशी-निर्मळच्या बागायती पट्ट्यात नंदाखाल वसले आहे. येथील धर्मग्रामस्थ मुख्यतः सामवेदी ख्रिस्ती, म्हणजेच कुपारी समाजाचे आहेत.

डिसेंबर 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहान्वये वसईचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यांच्या पाठोपाठ फ्रान्सिस्कन आणि जेझुइट मिशनरी आले, धर्मांतरे झाली आणि गावोगाव चर्चे उभी राहिली. या काळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नंदाखालच्या इतिहासाचा खरा कस मात्र त्यानंतर लागला. मे 1739 मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला आणि पोर्तुगीज सत्ता गेली. ज्यांच्या आधाराने हा धर्म येथे आला ते निघून गेले, तरी शेतकरी आपल्या वाड्यांत आणि आपल्या श्रद्धेत राहिले. पुढे गोमंतकातून आलेल्या देशी पाद्र्यांनी या भागातील चर्चे सांभाळली. राजाश्रयाशिवाय अडीचशेहून अधिक वर्षे टिकलेल्या या समाजाला पोर्तुगीजांचा अवशेष म्हणणे अन्यायाचे आहे.

‘कुपारी’ हे नाव पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ या शब्दावरून आले असे मानतात. मुलाचा बाप आणि त्याचा धर्मपिता यांचे परस्परांशी जे नाते जडते, त्याचा हा शब्द. समाजाची बोली सामवेदी किंवा कादोडी म्हणून ओळखली जाते आणि ती मराठीच्या कुळातली आहे. शेजारचे सामवेदी ब्राह्मणही तीच बोली बोलतात. प्रार्थना वेगळ्या झाल्या, पण घरातली भाषा तीच राहिली. दोन्ही समाजांच्या जुन्या नात्याची याहून बोलकी खूण दुसरी नाही. वयस्क बायकांचे लाल लुगडे आजही सणासुदीला चर्चच्या आवारात दिसते. चर्चमधील उपासना मात्र शतकानुशतके लॅटिनमध्ये चाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) मिस्सा मराठीत आली आणि वेदीवरचे शब्द म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही समजू लागले.

धर्मग्रामाचे जगणे वाडीवर चाले. केळी, पानवेली, फुले आणि भाजीपाला ही येथली पिके. विहिरीवरचा रहाट हा त्यांचा प्राण. राजेळी केळ्यांची सुकेळी हा या पट्ट्याचा खास जिन्नस. पिकलेली केळी सोलून उन्हात घालायची, दिवसाकाठी उलटायची, संध्याकाळी उचलायची. ती तांबूस, चिवट आणि मधासारखी गोड झाली की केळीच्याच सुक्या पानासोपटांत घट्ट बांधायची. अशी सुकेळी करणारी घरे आता कमी होत चालली आहेत.

मुंबईची वाढ विरारपर्यंत पोचली तेव्हा विहिरींवर टँकर लागले आणि वाड्यांवर इमारतींची नजर पडली. त्याविरुद्ध 1980 च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईची चळवळ उभी राहिली. तिचे नेतृत्व नंदाखालमध्येच जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (1942–2024) यांनी केले. धर्मगुरूने पाण्यासाठी रस्त्यावर उतरणे अनेकांना खटकले. पण विहीर आटली तर धर्मग्राम विस्कटेल हे फादर दिब्रिटोंनी ओळखले होते. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते दीर्घकाळ संपादक होते. ‘सुबोध बायबल’ या त्यांच्या ग्रंथाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 2020 मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान प्रथमच मिळाला.

प्रशासकीय दृष्ट्या हा धर्मग्राम मुंबईच्या महाधर्मप्रांतात होता. 1998 मध्ये वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि नंदाखाल त्यात आले. स्थापनेला 450 वर्षे 2023 मध्ये पूर्ण झाली.

फादर दिब्रिटो यांचे निधन 25 जुलै 2024 रोजी झाले. त्यांचा अंत्यविधी याच चर्चमध्ये झाला.