तांब्याच्या नाण्यांची पेटी

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचं एक छोटं गाव आहे. १९७२ च्या अखेरीच्या सुमारास तिथल्या एका बापानं आपल्या दोन मोठ्या मुलांना, एर्नी आणि एलीसला, एक नवा खेळ खेळायला बसवलं. खेळात पट नव्हता, सोंगट्या पुढे सरकवायच्या नव्हत्या. बाप सांगायचा, तुम्ही एका पडक्या किल्ल्याखालच्या तळघरात आहात, समोर हे हे दिसतंय, आता काय करता? मुलं सांगायची, फासे पडायचे आणि त्यावरून बाप पुढचं सांगायचा.

एर्नीच्या पात्राचं नाव टेन्सर, एलीसच्या पात्राचं अलिसा. त्यांची पहिली लढाई राक्षसी गोमींशी झाली की विंचवांशी, हे पुढे बापालाही नीट आठवेना. पण त्यांना सापडलेला पहिला खजिना त्याला पक्का आठवत होता. एका पेटीत तांब्याची ३,००० नाणी होती आणि पेटी इतकी जड की दोघांना उचलेना. मुलं हिरमुसली. ती झोपायला गेल्यावर बाप लगेच तळघराचा दुसरा मजला आखायला बसला.

त्या बापाचं नाव गॅरी गायगॅक्स. तो खेळ जानेवारी १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या नावानं बाजारात आला. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ती पोरं तळघरात बसून फासे टाकताना तुम्ही पाहिली असतील, तोच हा खेळ. जगभर अशा खेळांना रोलप्लेइंग गेम म्हणतात. त्यांच्या इतिहासाचे लेख वाचले की चष्मेवाले एकटे तरुण, तळघरं आणि रात्रभर चालणारी बैठक असंच चित्र उभं राहतं. ते खोटं नाही. पण या खेळाच्या पहिल्या बैठकींपैकी एक बाप आणि त्याच्या मुलांची होती. ही गोष्ट मला फार उशिरा कळली, आणि कळली तेव्हा मी स्वतःच्या घरात जरा अडचणीत होतो.

मी तिरोड्याचा. इंजिनीअरिंग नागपूरला केलं आणि या खेळाचा नाद तिथल्या होस्टेलवर लागला. आता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करतो. होस्टेलची पाच पोरं पाच शहरांत पांगली, पण शनिवारी रात्री दहाला आम्ही सगळे हेडफोन लावून ऑनलाइन बसायचो. एक वाजायचा, कधी दोन. लग्नानंतरही हे तसंच चाललं, मुलगी झाल्यावरही. एका शनिवारी बायको दारात उभी राहून म्हणाली, "शनिवारी पोरीले मीच झोपवायचं, हे कधी ठरलं?" ठरलं कधीच नव्हतं. मी आपलं धरून चाललो होतो.

गायगॅक्सच्या घरातही हे झालेलं आहे. खेळ छापून येण्याच्या बऱ्याच आधी, युद्धाचे पटखेळ खेळण्यात तो इतका गुंतलेला असायचा की दुसऱ्यांदा गरोदर असलेल्या त्याच्या बायकोला, मेरी जोला, त्याचं बाहेर कुठेतरी प्रकरण चालू आहे असं वाटलं. ती त्याला शोधत एका मित्राच्या तळघरात पोचली, तर हे लोक नकाशांनी भरलेल्या टेबलाभोवती बसलेले. हा किस्सा लोक हसून सांगतात. मला आता तितकंसं हसू येत नाही. नवरा दुसऱ्या बाईकडे नव्हता हे खरं, पण तो घरी नव्हता हेही खरंच.

हे खेळ घरातून असे बाहेर का गेले, त्याचं उत्तर त्यांच्या वंशावळीत आहे. १८२४ मध्ये प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं लष्कराला शिकवण्यासाठी एक युद्धखेळ तयार केला. त्यात नकाशा, सैन्याचे ठोकळे, फासे आणि एक पंच असायचा. खेळाडूंनी हुकूम द्यायचे आणि काय घडलं ते पंचानं सांगायचं. हा पंच फार कामाचा निघाला, कारण नियमात नसलेलं काही कोणी केलं तर तो तिथल्या तिथे निवाडा देऊ शकायचा. १९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेस्लीनं ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावावर असा खेळ मांडला आणि फौजेच्या तुकड्यांऐवजी एकेका खेळाडूला एकेक माणूस दिला. कोणी महापौर झाला, कोणी सावकार, कोणी विद्यापीठाचा प्रमुख. खेळता खेळता दोन जण द्वंद्वयुद्धाला उभे राहिले. त्याचे नियम नव्हते, ते वेस्लीला जागेवर बनवावे लागले. खेळ फसला असं त्याला वाटलं, पण खेळाडू 'परत कधी?' म्हणून मागे लागले. त्यांच्यातलाच डेव्ह आर्नेसन. त्यानं १९७१ मध्ये 'ब्लॅकमूर' नावाचं जग उभं केलं, आणि १९७२ च्या अखेरीस तो ते गायगॅक्सला दाखवायला लेक जिनिव्हाला गेला.

म्हणजे ही परंपरा छावणीतून आलेली, पुरुषांकडून पुरुषांकडे. तिला दुसरी एक बाजू होती, ती घरातली. १८२६ मध्ये इंग्लंडच्या हॉवर्थ गावात पॅट्रिक ब्राँटे या पाद्रीनं मुलासाठी बारा लाकडी शिपाई आणले. तो मुलगा ब्रॅनवेल आणि त्याच्या तीन बहिणी शार्लट, एमिली, अ‍ॅन यांनी एकेक शिपाई उचलला, त्याला नाव दिलं आणि त्यांच्यासाठी राज्यं वसवली. त्या राज्यांच्या कथा ती भावंडं बोटभर वह्यांत बारीक अक्षरात लिहीत राहिली. पुढे त्याच बहिणींनी 'जेन आयर' आणि 'वुदरिंग हाइट्स' लिहिल्या. बापानं शिपाई आणून दिले, पण तो खेळ भावंडांचाच राहिला. एच. जी. वेल्स मात्र स्वतः जमिनीवर बसला. आपल्या दोन मुलांसोबत फरशीवर मांडलेल्या खेळांवर त्यानं १९११ मध्ये 'फ्लोअर गेम्स' लिहिलं आणि १९१३ मध्ये 'लिटल वॉर्स'. दुसऱ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर वाचक म्हणून आधी मुलगे येतात. मुली येतात त्या नंतर, आणि त्याही फक्त 'जरा हुशार' असलेल्या.

एर्नी आणि एलीसच्या त्या बैठकीत छावणीतला पंच आणि घरातली मुलं एकत्र आली. एलीसला कोणी हुशारीचा दाखला मागितला नाही. खेळाच्या नावाचीही अशीच गोष्ट आहे. गायगॅक्सनं शब्दांच्या जोड्यांची यादी केली आणि त्याच्या धाकट्या सिंडीनं त्यातली आवडलेली जोडी निवडली, असं सांगतात. काही जण हे श्रेय मेरी जोला देतात. दोन्हीपैकी काहीही धरलं तरी नाव घरातूनच आलं.

पुढेही घरं या खेळात येत राहिली. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईनं 'अलारम्स अँड एक्स्कर्शन्स' हे खेळाडूंचं नियतकालिक सुरू केलं. ती आणि तिचा नवरा बॅरी, दोघंही खेळणारे. ट्रेसी आणि लॉरा हिकमन हे जोडपं तर स्वतःच्या घरात खेळण्यासाठी कथा रचायचं. त्यांच्या एका साहसाचं नाव 'रहासिया'. ट्रेसी आधी मिशनरी म्हणून इंडोनेशियात होता आणि तिथल्या भाषेत या शब्दाचा अर्थ गुपित. मूळ शब्द आपलाच, संस्कृत 'रहस्य'. हातात पैसा नव्हता, मुलांना जोडे घ्यायचे होते, म्हणून ट्रेसीनं लिहिलेलं गायगॅक्सच्या कंपनीला विकायला काढलं. त्या दोघांचं 'रेव्हनलॉफ्ट' १९८३ मध्ये आलं आणि त्यावर आधारलेले खेळ आजही निघतात.

आणि जिथे आईबाप टेबलापासून लांब राहिले, तिथे भीती वाढली. १९८२ मध्ये व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलानं आत्महत्या केली. त्यांनी या खेळाला दोष दिला आणि १९८३ मध्ये त्याविरुद्ध संघटना काढली. खेळ पोरांना सैतानाकडे नेतो असं टीव्हीवर, चर्चमध्ये, शाळांच्या सभांत बोललं जाऊ लागलं. खेळामुळे मुलं जीव देतात, असा संबंध पुढे सिद्ध झाला नाही. पण मी त्या आईवर हसू शकत नाही. बंद दाराआड आपलं पोर तासन्‌तास कुठल्या जगात असतं ते माहीत नसलं, की माणूस तिथे काहीही कल्पू शकतो. आमच्या घरी दार माझ्या खोलीचं होतं, एवढाच फरक.

मग मी घरी खेळायचं ठरवलं, आणि पहिल्यांदा सपशेल आपटलो. बायकोसमोर तीनशे पानांचं नियमपुस्तक ठेवलं, पात्राचा तक्ता छापून दिला. ताकद किती, चपळाई किती, असे सहा आकडे आधी भरायचे. तिनं तो कागद उलटसुलट पाहिला. "हे तर तुमच्या ऑफिसचं एक्सेल दिसते," म्हणाली आणि उठून गेली.

खेळ घरात आला तो तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याला शेतकरी खरे बैल सजवतात आणि दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदीबैल सजवून निघतात. ही प्रथा सुरू करण्याचं श्रेय नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांना दिलं जातं. कोणी शेतकरी होतं, कोणी शिवाजी महाराज, कोणी डॉक्टर. पोरं दारोदार बैल नेतात आणि मोठी माणसं त्या बैलाला खरा मानून ओवाळतात, पोरांच्या हातात बोजारा, म्हणजे खाऊचे पैसे, ठेवतात. दिवाळीनंतर मंडई भरते तेव्हा झाडीपट्टीत रात्र रात्र नाटकं होतात, दंडार होते आणि आजीपासून मांडीवरच्या लेकरापर्यंत अख्खं घर सतरंजी घेऊन जातं. सोंग ही लहानांची गोष्ट आणि मोठ्यांनी लांबून पाहायची, असं आमच्याकडे कधी नव्हतंच. नियमपुस्तक घेऊन बसलेल्या मला ते आठवलं नाही, इतकंच.

त्या रात्री आमची चार वर्षांची पोरगी बैल सोडायला तयार नव्हती. बायकोनं सहज विचारलं, "तुझा बैल रात्री कुठे जाते?"

"जंगलात. नागझिऱ्याले."

मी उठून वीस बाजूंचा फासा आणला. जंगलात अंधार आहे, समोर वाघ आला, आता तू काय करतेस? पोरगी विचारात पडली. मग म्हणाली, "वाघाले बोजारा देते."

"वाघ पैसे घेत नसतो," मी म्हणालो. एवढी वर्षं खेळून मी हेच शिकलो होतो.

"तुम्ही फाशाले तर विचारा," बायको म्हणाली.

दहाच्या वर पडलं तर वाघ ऐकेल, असं ठरलं. पोरीनं फासा टाकला. तीन. तिचे ओठ थरथरायला लागले. फासा पटकन उलटवून 'अगं, अठरा!' म्हणावं असं मला फार वाटलं. तेव्हा ती तांब्याची पेटी आठवली. त्या बापाला पेटी हलकी करता आली असती, तांब्याचं सोनं करता आलं असतं, सगळं त्याच्याच तोंडात होतं. त्यानं ते केलं नाही. मुलांना हिरमुसू दिलं आणि रात्री बसून पुढचा मजला आखला. 'काय करतेस?' असं विचारायचं तर येणारं उत्तर खरं मानावं लागतं आणि पडलेला फासाही. पोरीचं उत्तर मी आधीच खोडून टाकलं होतं, निदान फासा तरी खोटा करायचा नव्हता.

मी सांगितलं, वाघानं पैसे घेतले नाहीत, बैल पळाला आणि पळताना बोजारा जंगलात सांडला. पोरगी थोडी रडली आणि बैल कुशीत घेऊन झोपली.

सकाळी उठल्या उठल्या तिचा पहिला प्रश्न होता, "बोजारा अजून तिथंच आहे नं?"

मी उत्तर द्यायच्या आत बायको म्हणाली, "हो. पण रस्ता मले माहीत आहे, बाबाले नाही." तिनं पोरीची चित्रकलेची वही घेतली आणि ओट्याशी उभ्यानंच त्यात एक नदी काढली, एक पहाडी आणि दोन झाडं. संध्याकाळी मी पोरीशेजारी खाली बसलो. पंच ती होती आणि मला कुत्र्याचं काम मिळालं. तिनं एकही आकडा भरायला सांगितला नाही.

शनिवारचा ऑनलाइन खेळ मी सोडलेला नाही, आता तो महिन्यातून एकदा असतो. पण त्या रात्रींबद्दल जे बायकोला वाटत होतं, ते एका संध्याकाळच्या खेळानं पुसलं गेलं असं मी म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये आजही एक मंत्र आहे, 'टेन्सर्स फ्लोटिंग डिस्क'. तो म्हटला की हवेत एक तबकडी तरंगते आणि जड सामान वाहून नेते. टेन्सर म्हणजे एर्नी. तो मंत्र त्या पेटीवरूनच सुचला असा माझा दावा नाही. पण आमच्या पोरीला मी तो अजून शिकवलेला नाही. आधी ती स्वतः काय करते ते पाहायचं आहे.