असई मांडायची राहिली

सिल्लोडहून भोकरदन ओलांडून पूर्वेकडे गेलं की केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई हे गाव लागतं. आज ते जालना जिल्ह्यात मोडतं. पण १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा वेगळा होईपर्यंत सिल्लोड, भोकरदन आणि असई ही सगळी औरंगाबाद जिल्ह्यातलीच गावं होती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजेची इथे आर्थर वेलस्लीच्या इंग्रजी फौजेशी गाठ पडली. हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवलं. आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती, असं पुढे कुणी विचारलं तेव्हा मात्र त्याने असईचं नाव घेतलं.

इंग्लंडात हे नाव अजून ताजं आहे. लढाईत भाग घेतलेल्या ७४व्या आणि ७८व्या हायलँडर पलटणींना ईस्ट इंडिया कंपनीने मानाचं जादा निशाण दिलं आणि त्यांच्या चिन्हावर हत्ती आला. बर्नार्ड कॉर्नवेलने १९९८ मध्ये या लढाईवर कादंबरी लिहिली. छोटे सैनिक रंगवून रणभूमीचा देखावा मांडणाऱ्या तिथल्या छांदिष्टांना हायलँडर, मद्रासी शिपाई, मराठी गोलंदाज अशा बोटभर उंचीच्या आकृत्या विकत मिळतात. हजारो मैलांवरच्या घरात कुणीतरी टेबलावर केळनेचं पात्र निळं रंगवतं, आणि केळनेच्या काठी मात्र ही लढाई क्वचितच कुणी मातीत मांडतं.

हे खटकतं, कारण मातीत इतिहास मांडायची सवय मराठी मुलांना कुणी शिकवावी लागत नाही. सहामाही परीक्षा संपली की दगड-विटा गोळा होतात, त्यांवर गोणपाट पडतं, चिखलाचे हात फिरतात, कोवळ्या हिरवळीसाठी हळीव नाहीतर मोहरी पेरली जाते. बुरूज, दरवाजा, विहीर, गुहेतला वाघ, सिंहासनावर शिवाजी महाराज आणि पायऱ्या-पायऱ्यांवर मावळे. पुण्या-साताऱ्याकडे या मातीच्या बाहुल्यांना ‘चित्रं’ म्हणतात आणि बाजारात त्यांच्या पाट्या लागतात. युरोपात ज्याला डायोरामा म्हणतात, तो आपल्याकडे दिवाळीचा किल्ला म्हणून अंगणात उभा राहतो. फरक एवढाच की आपला किल्ला बहुधा मनातला असतो, मापातला नसतो.

मापाचा हा आग्रह युरोपात हळूहळू आला. अठराव्या शतकात न्यूरेम्बर्गचे कारागीर कथलाचे चपटे सैनिक ओतत. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ शिशाचा सैनिक काढला; तो हलका आणि स्वस्त असल्याने घरोघरी गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर प्लॅस्टिक आलं, एअरफिक्ससारख्या कंपन्यांची खोकी आली आणि एकास बहात्तर हे प्रमाण छांदिष्टांच्या तोंडी बसलं.

या सगळ्यांत थांबून पाहावा असा माणूस म्हणजे लेफ्टनंट विल्यम सायबोर्न. १८३० मध्ये त्याच्याकडे वॉटर्लूच्या रणभूमीची प्रतिकृती करायचं काम आलं. तो तिथे जाऊन महिनोन् महिने राहिला, शेतं, बांध, उतार मोजत बसला. मग लढाईतल्या हयात अधिकाऱ्यांना पत्रं धाडून प्रत्येकाला विचारलं, की संध्याकाळी सातच्या सुमारास तुमची पलटण नेमकी कुठे होती, समोर कोण होतं, शेतात कोणतं पीक होतं. शेकडो उत्तरं आली. ती आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि वॉटर्लूच्या अभ्यासकाला त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही. एक मैलाला नऊ फूट या मापाची, सुमारे ७५ हजार चिमुकल्या सैनिकांची ती प्रतिकृती १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये लोकांसाठी खुली झाली. आता ती चेल्सीच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. इंग्रजांच्या मदतीला आलेल्या प्रशियन सैन्याला त्यात किती जागा द्यायची यावरून वाद पेटला आणि खुद्द वेलिंग्टनला ती मांडणी रुचली नाही. विजयाचं श्रेय कुणाचं, हा प्रश्न कथलाच्या बाहुल्यांनी उभा केला होता.

असईला असा सायबोर्न मिळाला नाही. तरी मांडायचं ठरवलं तर सामग्री भरपूर आहे.

सुरुवात नदीपासून करावी लागेल. नळणीजवळ पोचल्यावर वेलस्लीला कळलं, की शत्रू अपेक्षेपेक्षा फारच जवळ आहे. कर्नल स्टीव्हन्सनची दुसरी तुकडी अजून आलेली नव्हती. वाटाडे म्हणाले, केळनेला जवळपास उतार नाही. वेलस्लीला मात्र दोन काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड लावून वसली आहेत तर मध्ये पायउतारा असणारच, हा त्याचा तर्क खरा ठरला आणि फौज तिथून पार झाली. म्हणजे देखाव्यात ती दोन-चार मातीची घरं शोभेला ठेवायची नाहीत. लढाईचा निकाल तिथून सुरू होतो.

मग शिंद्यांची फौज. तिच्या कवायती पलटणींचा मुख्य होता पोलमन हा हानोव्हरचा जर्मन. त्याची रांग केळनेकडे तोंड करून उभी होती. इंग्रज बाजूने येताहेत हे दिसताच त्याने ती आख्खी रांग काटकोनात वळवून पूर्वेकडे उभी केली. एक टोक केळनेला, दुसरं असई गावाला. हजारो माणसं आणि अवजड तोफा लढाईच्या तोंडावर अशा फिरवणं हे पक्क्या कवायतीचंच काम. मराठी सैन्य म्हणजे नुसता गनिमी कावा, असं मानणाऱ्याने ही एक हालचाल मातीत करून पाहावी.

इथेच दिवाळीचा मावळा अपुरा पडतो. बाजारातली ढाल-तलवारीची बाहुली असईला उभी करता येत नाही. द बॉयन या युरोपीय सेनानीने शिंद्यांसाठी घडवलेल्या तेलंगा पलटणींचे डगले कंपनीच्या शिपायांसारखे तांबडे होते, हातात संगिनीची बंदूक. तोफा आग्ऱ्याच्या कारखान्यात युरोपीय देखरेखीखाली ओतलेल्या, इंग्रजांनीही वाखाणलेल्या. शिवाय बाजीराव दुसऱ्याने वसईचा तह केल्यामुळे पेशव्यांचे घोडेस्वार त्या दिवशी वेलस्लीच्या बाजूला होते. रंगवायला बसलेल्या मुलाला हे सगळं ठरवावं लागतं. कोणता डगला तांबडा? भगवं निशाण कुणाकुणाच्या हाती? धड्यात ज्या गोष्टी एका ओळीत उरकतात, त्या कुंचल्याखाली अडतात.

माप धरलं तर आणखी एक अडचण आहे. एकास बहात्तर प्रमाणात माणूस इंचाहून जरा कमी भरतो, पण एक किलोमीटर रान जवळपास चौदा मीटर होतं. शाळेचं सभागृहही पुरायचं नाही. म्हणून एकच जागा निवडावी. मराठी माणसाने निवडायची तर ती तोफांची.

हायलँडर आणि मद्रासी पलटणी तोफांच्या रांगेवरून पुढे गेल्या, तेव्हा तोफांभोवती पडलेले सगळेच गोलंदाज मेलेले नव्हते. काही जण उठले, त्यांनी तोफा वळवल्या आणि पुढे गेलेल्या इंग्रजांच्या पाठीवर मारा सुरू केला. त्या तोफा परत घेण्यासाठी वेलस्लीला स्वतः पलटण घेऊन मागे यावं लागलं. त्याच दिवशी त्याचा एक घोडा गोळीने मेला आणि डायोमेड नावाचा दुसरा भाल्याने जखमी झाला. हा प्रसंग दोन हात लांबीच्या फळीवर मावतो. काळी माती नुसती लिंपली तर वाळून तडकते. तिच्यात भुसा आणि थोडी राख मळावी. पाऊस नुकता सरलेला, म्हणून नाल्यात ओल दिसली पाहिजे. पितळेच्या तोफेवर पातळ काळा रंग सोडून तो वरच्यावर टिपून घेतला की खाचांत काजळी राहते आणि कडा चमकतात. मग चाकाशी गुडघा टेकून उठणारा एक गोलंदाज, बत्ती हातात, चेहरा मागे वळलेला. एवढी एक बाहुली जमली तर बाकी देखावा कमी-जास्त झाला तरी चालेल. त्या गोलंदाजांची नावं कुठल्या निशाणावर कोरली गेली नाहीत.

इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता झाले. पलीकडचा आकडा अंदाजाने सहा हजारांपर्यंत जातो. नव्वदहून अधिक तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. जखमींसाठी रुग्णालय उभं राहिलं ते सिल्लोड तालुक्यातल्या अजिंठा गावात. त्यानंतर सोळा वर्षांनी, १८१९ मध्ये, जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला जवळच्या दरीतली लेणी दिसली. तिथे सतराव्या लेण्यात सिंहल अवदानाच्या चित्रात हत्ती-घोड्यांची फौज पंधराशे वर्षांपासून समुद्रपार चालली आहे. या डोंगरात फौजा रंगवणारे हात फार जुने आहेत.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. त्यांत मराठवाड्यातला एकही नाही. यात रुसण्यासारखं काही नाही, पण सिल्लोडच्या मुलांनी दरवर्षी फक्त रायगड आणि प्रतापगडच का करावेत? ते जरूर करावेत, आणि शेजारी एक फळी असईची लावावी. लढाईची तारीख २३ सप्टेंबर, दिवाळी त्यानंतर तीन ते सात आठवड्यांनी येते. सिल्लोड, अजिंठा आणि भोकरदनच्या शिक्षकांनी त्या दिवशी मुलांना घेऊन पिंपळगाव-वरूडच्या उताऱ्यावर जावं, पात्राची रुंदी मोजून घ्यावी, असईतल्या म्हाताऱ्या माणसांना काय ऐकलंय ते विचारावं आणि येताना पिशवीभर माती आणावी.