नळदुर्गचा पूल आणि पॅरिसची बैठक

दुसरे महायुद्ध 1945 साली संपले आणि जगाची जुनी घडी विसकटली. ती विसकटली म्हणजे नेमके काय झाले, हे पाहायला फार लांब जायला नको. उस्मानाबाद जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातले, आपले नळदुर्ग पुरे आहे.

जुनी घडी अशी होती. 1853 साली कंटिंजंट फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी कंपनी सरकारने निजामाकडून वऱ्हाड घेतले, त्याबरोबर नळदुर्गचा मुलूखही घेतला. 1857 मध्ये निजाम इंग्रजांच्या बाजूने राहिला, म्हणून 1860 साली नळदुर्ग त्याला परत मिळाले. रयतेला विचारले कुणी? कुणीच नाही. पहिल्या महायुद्धातल्या मदतीबद्दल 1918 साली निजाम इंग्रज सरकारचा 'एकनिष्ठ दोस्त' ठरला. पण या दोस्ताने वऱ्हाड परत मागितले, तेव्हा 1926 साली लॉर्ड रीडिंगने स्पष्ट सुनावले, की हिंदुस्थानात सार्वभौम सत्ता एकच, ती ब्रिटिश राजाची.

दुसऱ्या महायुद्धाने ही सत्ताच खचली. 15 ऑगस्ट 1947 ला संस्थानांवरचे इंग्रजांचे स्वामित्व संपले. निजामाने अर्थ काढला, आपण स्वतंत्र झालो! आत स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली लोकलढा चालू होता आणि रझाकारांनी कहर मांडला होता. अशा वेळी ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीकडे तक्रार नेली. काल लंडनकडे पाहणारा राजा आज नव्या जागतिक सनदेचा आधार शोधू लागला.

13 सप्टेंबरला भारतीय फौज सोलापूरकडून निघाली. पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडले, बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. पॅरिसला सुरक्षा समिती बसली ती 16 तारखेला. भारताची बाजू मांडायला होते रामस्वामी मुदलियार. 1945 साली त्या सनदेवर भारतातर्फे सही करणारे तेच. 17 तारखेला निजाम शरण आला, आणि पुढे त्याने तक्रारही मागे घेतली.

पण हिशेब इथेच संपत नाही. त्यानंतरच्या हिंसेत मुख्यतः मुसलमान मारले गेले. सुंदरलाल समितीने मृतांचा अंदाज 27 ते 40 हजार दिला आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव घातले. तो अहवाल कित्येक वर्षे दडूनच राहिला.

नव्या जगाने गाऱ्हाणे ऐकणारी सभा दिली खरी, पण तिच्या दारात उभे राहायचा हक्क राज्यांचा होता, रयतेचा नव्हे. नळदुर्गच्या माणसाला प्रथम विचारले गेले ते 1952 साली, मतपेटीजवळ. जुनी घडी खरी मोडली ती तिथे.