शंकर आबाजी भिसे : शाबासकी आणि भांडवल यांतील अंतर

१/
तरुणांनी संशोधक व्हावे, असे आवाहन आपल्याकडे शतकाहून अधिक काळ होत आले आहे. त्याला मनापासून प्रतिसाद देणाऱ्या एका मराठी तरुणाचे पुढे काय झाले, याचा हा मागोवा.

२/
शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईत झाला. चौदाव्या वर्षी त्यांनी दगडी कोळशापासून वायू तयार करण्याचे उपकरण घरीच उभारले. पुढे त्यांनी मुंबईत ‘सायंटिफिक क्लब’ स्थापन केला आणि ‘विविध कला प्रकाश’ हे मराठी मासिकही चालवले.

३/
काळ सर्वस्वी प्रतिकूल नव्हता. संशोधकाला ठरावीक मुदतीचा एकाधिकार देणारा कायदा हिंदुस्थानात १८५६ सालीच झाला होता. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजची व्हीजेटीआय, सुरू झाली होती. कायदा होता, शिक्षण होते, होतकरू तरुणही होते.

४/
१८९०च्या दशकाच्या अखेरीस लंडनमधील एका नियतकालिकाने किराणा माल आपोआप तोलून देणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा ठेवली. भिसे यांचा आराखडा सर्वोत्तम ठरला. दिनशा वाच्छा यांचे शिफारसपत्र घेऊन ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी त्यांचे आधारस्तंभ झाले. हिंदुस्थानातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाईंनी या तरुणाच्या बुद्धीवर पदरचा पैसा लावला.

५/
भिसे यांची महत्त्वाकांक्षा होती ती छपाईचे खिळे वेगाने ओतणाऱ्या यंत्राची. संपूर्ण ओळ ओतणारे लायनोटाइप १८८६ पासून वापरात होते. सुटे खिळे वेगाने व स्वस्तात पाडण्यावर भिसे यांचा भर होता. जोडाक्षरांमुळे शेकडो खिळे लागणाऱ्या देवनागरी छपाईच्या मुंबईत वाढलेल्या माणसाला या अडचणीचे मोल वेगळे सांगावे लागले नसते.

६/
पण कागदावरील यंत्र बाजारात आणण्यासाठी मोठे भांडवल लागते. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हिंडमन यांनीही प्रयत्न केले; ते अपुरे पडले. १९०८ साली भिसे मायदेशी निघाले. बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली आणि गोखल्यांमुळे सर रतन टाटांचे अर्थसाहाय्य मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात हाही आधार संपला.

७/
येथे एक तुलना उद्बोधक ठरते. थॉमस एडिसन यांचा विजेचा दिवा ऑक्टोबर १८७९ मध्ये यशस्वी झाला. त्यासाठीची कंपनी मात्र १८७८ सालीच स्थापन झाली होती आणि तिच्यामागे न्यूयॉर्कचे धनको उभे होते. म्हणजे पैसा यशाच्या एक वर्ष आधी आला. भिसे यांना तो यशानंतरही शोधावा लागला.

८/
अखेरीस भिसे अमेरिकेत स्थायिक झाले आणि ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. ‘भारतीय एडिसन’ ही पदवी त्यांना मिळाली. एडिसनला लाभलेले पाठबळ मात्र मिळाले नाही.

९/
त्यांच्या वाट्याला कौतुक कमी आले असे नाही. वाच्छा, दादाभाई, गोखले, टाटा ही नावेच त्याची साक्ष देतात. परंतु हा सारा आधार व्यक्तींचा होता, व्यवस्थेचा नव्हता. एक व्यक्ती थकली की दुसरी शोधायची, हाच त्यांच्या आयुष्याचा क्रम राहिला.

१०/
म्हणून तरुणांना ‘संशोधक व्हा’ असे सांगताना आणखी एका प्रश्नाचे उत्तर तयार ठेवावे लागते : त्याचे पहिले यंत्र फसले, तर दुसऱ्याचा खर्च कोण उचलणार?