सैनिकी स्मृतीची परंपरा : अकलोलीच्या कुंडांपासून हेलिकॉप्टर-दलांपर्यंत

१

ठाणे जिल्ह्याच्या भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी अकलोली हे गाव वसलेले आहे. ऊन पाण्याच्या झऱ्यांना कोकणात ‘उन्हाळे’ म्हणण्याचा प्रघात आहे. अकलोलीची ख्याती या उन्हाळ्यांमुळे व जवळच असलेल्या वज्रेश्वरीच्या देवस्थानामुळे झालेली आहे. या परिसरात दोन युद्धांच्या आठवणी शेजारी शेजारी नांदतात. देवीने मारलेल्या दैत्यांचे रक्त म्हणजेच कुंडांतील हे ऊन पाणी होय, अशी पहिली कथा आहे. दुसरी कथा इतिहासकाळातील आहे. वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी देवीला नवस केला, मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला आणि नवसाची फेड म्हणून मंदिर उभे राहिले, असे ती सांगते.

या दोन्ही कथांकडे पाहता सैनिकी स्मृतीचा एक विशेष लक्षात येतो. स्मृती टिकते ती एखाद्या दृश्य वस्तूच्या आधाराने. कुंड आहे तोवर दैत्यवधाची कथा आहे. मंदिर आहे तोवर नवसाची कथा आहे. परंतु या कथेत नाव उरले ते सेनापतीचे. वसईच्या तटाखाली सुरुंग खणणारे, दारूची ओझी वाहणारे आणि तटाला भगदाड पडताच आत घुसणारे जे शेकडो लोक होते, त्यांच्यापैकी कोणाचेही नाव अकलोली-वज्रेश्वरीच्या लोककथेत येत नाही. गो. स. सरदेसाई यांनी संपादिलेल्या पेशवे दप्तरातील निवडक कागदांत या मोहिमेचा विपुल पत्रव्यवहार आहे. त्यावरून मोहिमेची हकीकत जुळविता येते. पण सुरुंग खणणाऱ्याने आपल्या मुलाला काय सांगितले, हे त्यावरून कळत नाही.

सैनिकांच्या एका पिढीने दुसरीला काय दिले, हा प्रश्न अठराव्या शतकाविषयी विचारला तर उत्तर अपुरेच मिळणार. तोच प्रश्न विसाव्या व एकविसाव्या शतकांतील एका सैनिकी समूहाविषयी विचारला, तर मात्र उत्तर देणारे लोक अद्याप हयात आहेत. हा समूह म्हणजे हेलिकॉप्टर-दलांचा होय.

२

मराठ्यांच्या घोडदळाची परिभाषा या विचाराला उपयोगी पडते. सरकारी घोड्यावर बसणारा तो ‘बारगीर’ आणि स्वतःचा घोडा घेऊन चाकरीस येणारा तो ‘शिलेदार’, हा भेद सर्वपरिचित आहे. ‘शिलेदार’ हा शब्द मुळात ‘सिलाहदार’, म्हणजे शस्त्र धारण करणारा, असा आहे. मराठीत येताना त्यातील शस्त्र मागे पडले आणि घोडा पुढे आला. फारसीतील ‘पायगाह’पासून ‘पागा’ आली व पागेचा हिशेब ठेवणारा ‘पागनीस’ झाला. पुढे पागा मोडल्या, हिशेब संपला. शब्द मात्र आडनाव होऊन राहिला. आज हे आडनाव लावणाऱ्या कित्येकांना आपल्या नावात घोडे बांधलेले आहेत याची कल्पनाही नसते. व्यवहार नाहीसा झाल्यावर त्याची भाषा दोनच ठिकाणी उरते : कोशात किंवा नावात.

हेलिकॉप्टर चालविणारा सैनिक या अर्थाने आधुनिक बारगीरच होय. यंत्र सरकारचे असते, तो ते काही वर्षे चालवितो आणि दुसऱ्याच्या हाती देतो. आपल्या देशात अनेक वर्षे वापरलेल्या हेलिकॉप्टराला महाराणा प्रतापांच्या घोड्याचे, ‘चेतक’ हे नाव देण्यात आले. घोडदळाची स्मृती अशा रीतीने आकाशात गेली.

‘हेलिकॉप्टर’ या शब्दाचा इतिहासही बोधप्रद आहे. मळसूत्री गुंडाळी या अर्थाचा ‘हेलिक्स’ आणि पंख या अर्थाचा ‘प्तेरॉन’ या दोन ग्रीक शब्दांपासून इ. स. १८६१ मध्ये पाँताँ दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने तो घडविला. त्याची मूळ फोड ‘हेलिको’ आणि ‘प्तेर’ अशी होती. वापरणाऱ्यांनी ती ‘हेली’ आणि ‘कॉप्टर’ अशी केली व त्यातूनच ‘हेलिपॅड’सारखे शब्द निघाले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ही चूक खरी; परंतु तिच्यामुळे शब्द अधिक कामाचा झाला. तोंडी चालत आलेल्या आठवणींचेही असेच होते. ऐकणारा आपल्या गरजेप्रमाणे त्यांची नवी फोड करतो, आणि म्हणूनच त्या पुढे चालतात.

३

भारतीय वायुसेनेत हेलिकॉप्टराचा प्रवेश १९५४ साली सिकोर्स्की एस-५५ या अमेरिकी यंत्राने झाला. १९६० नंतर रशियन बनावटीची मी-४ ही यंत्रे आली. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मेघना नदीवरील आशुगंजचा पूल शत्रूने उडवून दिला, तेव्हा लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांच्या सैन्याला याच मी-४ हेलिकॉप्टरांनी नदीपार नेले. फ्रेंच आलूएत-३ हे हेलिकॉप्टर देशात बनविण्याचा करार १९६२ साली झाला आणि बंगलोरच्या कारखान्यातून १९६५ पासून ‘चेतक’ बाहेर पडू लागले. त्याचेच भावंड म्हणजे ‘चीता’. उंच पर्वतांत उडू शकेल अशा यंत्राची भारतीय सेनेला गरज होती. त्या गरजेतून ते घडले आणि १९६९ मध्ये प्रथम उडाले.

या इतिहासात महाराष्ट्राचा वाटा लहान नाही. तोफगोळे कोठे पडतात हे वरून पाहून सांगण्याचे काम भूदलात प्रथम तोफखान्याचे अधिकारी करीत. त्यासाठी ते ऑस्टर व पुढे ‘कृषक’ ही लहान विमाने चालवीत. तोफखान्याची शाळा देवळालीस असल्याने या विद्येचा नाशिकच्या परिसराशी संबंध जुळला. १ नोव्हेंबर १९८६ रोजी भूदलाचे स्वतंत्र हवाई दल स्थापन झाले आणि २००३ साली नाशिक रोड येथे त्याचे युद्धविषयक वैमानिकी प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. ‘सुवेग व सुदृढ’ हे या दलाचे ब्रीद आहे. मुंबईत कुलाब्याच्या टोकाशी असलेल्या नौदलाच्या हेलिकॉप्टर-तळाला २००९ साली ‘आय. एन. एस. शिक्रा’ हे नाव मिळाले.

४

एका पिढीची आठवण दुसरीच्या हाती कशी जाते, याचे स्पष्ट उदाहरण नाशिकच्याच विद्यालयात सापडते. १९७८ च्या ऑक्टोबरात कर्नल नरेंद्र कुमार यांच्या गिर्यारोहण मोहिमेच्या साहाय्यासाठी एक चेतक सियाचीन हिमनदीवर उतरले. १३ एप्रिल १९८४ रोजी तेथे ‘मेघदूत’ मोहीम सुरू झाली. तेव्हापासून तेथील ठाण्यांचा प्राण हेलिकॉप्टरावर अवलंबून राहिला. अन्न, रॉकेल व औषधे वर न्यावयाची आणि हिमदंशाने वा विरळ हवेने आजारी पडलेला सैनिक खाली आणावयाचा, हे त्यांचे काम. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने पात्यांना आधार कमी मिळतो व इंजिनाची शक्तीही घटते. त्यामुळे वैमानिकाला वाहून न्यावयाच्या ओझ्याचा हिशेब किलोकिलोने करावा लागतो.

१९८७ साली कर्नल एस. ओम सिंग हे अमर ते बाणा या ठाण्यांच्या दरम्यान गस्तीच्या तुकड्यांचे नेतृत्व करीत होते. हवामान बिघडल्याने त्यांच्या जिवावर बेतले. परंतु त्यांना वेळीच तेथून हलविण्यात आले व ते वाचले. त्यांची कन्या कॅप्टन अभिलाषा बराक यांना २५ मे २०२२ रोजी नाशिक येथे वैमानिकाचे पंख प्रदान झाले. भूदलाच्या हवाई दलातील त्या पहिल्या स्त्री लढाऊ वैमानिक होत. वडिलांच्या सुटकेचा तो क्षणच आपल्या या निवडीचे मूळ आहे, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे.

या घटनेत स्मृतीची दिशा कशी बदलली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. वडील हेलिकॉप्टर चालविणारे नव्हते, ते वाचविले गेलेले होते. दप्तराच्या दृष्टीने त्या दिवसाची नोंद म्हणजे तारीख, उड्डाणाचा अवधी आणि ‘एक रुग्ण’ एवढी असावयाची. घरात मात्र तीच नोंद कथा झाली आणि एका पिढीच्या आयुष्याची दिशा तिने ठरविली. जी आठवण दप्तरात एक ओळ असते, ती कुटुंबात पस्तीस वर्षे जिवंत राहू शकते.

५

येथे मराठी भाषेची एक उणीव सांगणे प्राप्त आहे. हेलिकॉप्टर एकटा वैमानिक चालवितो, असा आपल्या भाषेचा समज दिसतो. वस्तुतः मोठ्या हेलिकॉप्टरात दोन वैमानिकांखेरीज यंत्रावर लक्ष ठेवणारा उड्डाण-अभियंता असतो. नौदलाच्या सुटकेच्या कामात दोर सोडणारा वेगळा आणि दोरावरून पाण्यात उतरणारा पाणबुड्या वेगळा असतो. जमिनीवर रात्रभर यंत्र तपासणारे तंत्रज्ञ असतात. ‘हे यंत्र उडण्यास योग्य आहे’ अशी त्यांची सही झाल्याखेरीज ते हलत नाही. या सर्वांना मिळून इंग्रजीत एकच छोटा शब्द आहे. मराठीत ‘चमू’, ‘पथक’, ‘कर्मचारी’ असे पर्याय वापरले जातात. पण त्यांतील एकही या अर्थाने रुळलेला नाही. परिणामी वर्तमानपत्रातील बातमी ‘वैमानिकाने सुटका केली’ एवढ्यावर संपते. ज्याला नाव नाही त्याची आठवणही भाषेत राहत नाही.

ठाणे जिल्ह्यातील लोकांना याचा अनुभव आहे. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरामुळे वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांच्या सुटकेसाठी गेलेल्या पथकांच्या साहाय्यास हेलिकॉप्टरे पाठविण्यात आली. त्यानंतर आठवडाभरातच, ४ ऑगस्ट रोजी, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी येथे पुराने वेढलेल्या पन्नासहून अधिक लोकांना वायुसेनेच्या हेलिकॉप्टरने उचलून आणले. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात मुंबईच्या समुद्रात ‘पी-३०५’ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. खवळलेल्या समुद्रातून त्यांपैकी १८० हून अधिक जणांना वाचविण्यात आले, आणि त्या शोधकार्यात नौदलाच्या जहाजांना हेलिकॉप्टरांची जोड मिळाली.

पुरातून वाचलेला गावकरी आपल्या नातवंडांना ही हकीकत सांगेल यात शंका नाही. परंतु त्या कथेत दोर सोडणाऱ्याचे नाव नसेल, कारण ते त्याला ठाऊकच नाही. दोर सोडणाराही आपल्या घरी तोच दिवस सांगत असेल. पण गावाचे नाव त्याच्या लक्षात असेलच असे नाही. एकाच घटनेच्या दोन आठवणी दोन घरांत वाढतात आणि त्यांची भेट होत नाही. या दोन हकीकती एकत्र आणण्याचे काम इतिहासकाराने केले नाही, तर पुढच्या पिढीच्या हाती उरेल ते हवाई दलाचे मोघम नाव. अकलोलीच्या परिसरात वसईच्या मोहिमेतून सेनापतीचे नाव उरावे, तसाच हा प्रकार होईल.

६

हे काम पुढे ढकलता येण्यासारखे नाही. २ एप्रिल २०२२ रोजी हैदराबादजवळील हकीमपेठ येथे चेतकच्या साठ वर्षांच्या सेवेनिमित्त परिषद भरली. तिला सेवानिवृत्त सैनिक व सेवेतील तरुण एकत्र आले. या भेटीचे मर्म यंत्राच्या दीर्घायुष्यात आहे. १९६० च्या दशकात चेतक चालविलेला वृद्ध आणि अलीकडे त्यावर शिकलेला तरुण यांना परस्परांचे बोलणे समजते, कारण दांडा, पात्यांचा आवाज, इंजिन सुरू होतानाची घरघर आणि वाऱ्यात शेपटी वळण्याची तऱ्हा ही दोघांच्या परिचयाची आहे. आजोबा आणि नातू यांनी एकाच पागेतील एकाच जातीच्या घोड्यावर बसावे, तसे हे झाले. विमानविद्येत असा योग विरळा.

चेतक व चीता यांच्या जागी टप्प्याटप्प्याने नवी हेलिकॉप्टरे आणण्याचे धोरण ठरलेले आहे, आणि सैनिकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु जुने यंत्र गेले की त्याबरोबर त्याची बोलीही जाईल. नव्या यंत्रात जे काम गणकयंत्र करते, ते पूर्वी कानाने आणि तळहाताने कसे होत असे, हे सांगणाऱ्याला समजणारा श्रोता उरणार नाही. मग त्या आठवणींना टिपा द्याव्या लागतील. आज बखर वाचताना बारगीर व शिलेदार यांना द्याव्या लागतात तशाच.

अधिकाऱ्यांच्या आठवणी इंग्रजीत अधूनमधून प्रसिद्ध होतात व ते इष्टच आहे. तंत्रज्ञ, दोर सोडणारे, पाणबुडे आणि इंधन भरणारे यांच्या आठवणी मात्र बहुधा त्यांच्या मातृभाषेत असतात व घराबाहेर पडत नाहीत. विद्यापीठांच्या भाषा व इतिहास विभागांना येथे प्रत्यक्ष कार्य आहे. सेवेची गोपनीयता सांभाळून, सेवानिवृत्तांच्या तोंडून त्यांच्याच बोलीत या हकीकती ध्वनिमुद्रित कराव्यात. त्यांतील शब्दांचा कोश करावा. ज्या गावांत सुटका झाली त्या गावांतील हकीकत तिच्याशेजारी नोंदवावी.

अकलोलीचे कुंड कित्येक पिढ्या आपली कथा सांगत आले, कारण त्याचे पाणी अजून ऊन आहे. हेलिकॉप्टराला असे कुंड नाही. ते येते, माणूस उचलते आणि जाते. मागे पात्यांच्या वाऱ्याने आडवे झालेले गवत राहते व तेही दुसऱ्या दिवशी उभे होते. त्याच्या कथेला सांगणाऱ्याचा आवाज हा एकच आधार आहे, आणि तो आवाज ऐकू येतो आहे तोवरच तो टिपून ठेवला पाहिजे.